लोकलमध्ये पॅनिक अटॅक : स्वतःचं स्वतः काय करता येतं?

कोपरीकर | ६ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

वय ३६, राहायला ठाणे पूर्व, नोकरी दादरला. चौदा वर्षं तीच लोकल, तोच लेडीज डबा. जुलैत एका पावसाळी सकाळी विक्रोळी सुटल्यावर गाडी सिग्नलला थांबली. नेहमीचंच. पण पाचेक मिनिटांनी छातीत धडधड सुरू झाली आणि वाढतच गेली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, पाठीवरून घामाची धार. समोरच्या बायका बोलताना दिसत होत्या, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. डोक्यात एकच वाक्य : मी इथेच मरणार आणि गाडी काही हलणार नाही. घाटकोपरला उतरले, बाकावर बसून नवऱ्याला फोन केला, तिथून थेट हॉस्पिटल. ईसीजी, रक्त, दुसऱ्या दिवशी टूडी एको, थायरॉईड. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "पॅनिक अटॅक होता, टेन्शन घेऊ नका." ते कसं घ्यायचं नाही, हे सांगायला त्यांना वेळ नव्हता.

त्यानंतर चार वेळा आला. मी फास्ट गाडी सोडली, स्लोने जायला लागले, कारण स्टेशनं पटापट येतात. मग दारापाशीच उभी राहू लागले. मग लिफ्ट सोडली (आमचा आठवा मजला!). गेल्या महिन्यात घाणेकरला नाटकाला गेलो, कडेची खुर्ची मिळाली नाही म्हणून मी पूर्ण पहिला अंक बाहेर बसून काढला. ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलंय, आता तिसरा मागायच्या बेतात आहे.

ट्रेनच्या ग्रुपमध्ये कुणालाच सांगितलेलं नाही. समुपदेशकांची वेळ घेतलीये, ती पुढच्या महिन्यातली मिळालीये. तोवर स्वतःच्या स्वतः काय करता येईल? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "मन खंबीर ठेव" हे सासूबाईंचं सांगून झालंय.

टवाळ कार्टं | ६ डिसेंबर, रात्री १०:५२

मध्य रेल्वेच्या सिग्नलला घाबरणं हा आजार नाही, अनुभव आहे.

(विनोद बाजूला. वाचतोय. घरातल्या एकासाठी हवंय.)

खारी_बिस्कीट | ६ डिसेंबर, रात्री ११:०५

मोठमोठे खोल श्वास घ्यायचे, दहा-पंधरा वेळा. नाहीतर कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायचा, सिनेमात दाखवतात तसा. आमच्या ऑफिसात एकीला असंच बरं वाटलं होतं.

घनसोलीचा_मिस्त्री | ७ डिसेंबर, सकाळी ७:१५

खारी, जरा थांबा. हे आमच्या केमिकलवाल्यांच्या प्रांतातलं आहे. ठाणे-बेलापूर रोडच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं वायूंशीच खेळलोय, आणि बायकोला हा त्रास असल्याने घरचा अभ्यासही झालाय.

माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. जीव गुदमरतोय असं वाटतं, पण ऑक्सिजन कमी झालेला नसतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साईड, कारण तो आपण गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकत असतो. त्याने रक्त किंचित अल्कलाईन होतं, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरल्यासारखं, सगळं खोटं असल्यासारखं वाटतं. कोपरीकर ताईंचा विहिरीतला आवाज त्यातलाच. बोटांच्या मुंग्या, ओठ बधिर होणं, हीही त्याच रसायनाची करामत. अशा वेळी आणखी मोठमोठे श्वास घ्या म्हणजे उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस वाढवा.

करायचं ते उलट. नाकाने हळू आत, चार आकडे. मग फुंकणीने चूल फुंकावी तसं, पण हळूहळू, सहा आकडे बाहेर. छाती नाही, पोट हललं पाहिजे. मिनिटाला सहाएक श्वास होतात. आणि हे रोज बरं असताना दहा मिनिटं करायचं. आग लागल्यावर पाईप कुठे आहे ते शोधत बसलं की काय होतं, ते आम्ही कारखान्यात पाहिलंय.

कागदी पिशवी विसरा. तो दमा किंवा हृदयाचा त्रास निघाला तर पिशवीने खरोखरच ऑक्सिजन कमी पडेल.

खारी_बिस्कीट | ७ डिसेंबर, सकाळी ७:४०

पिशवी मागे घेते. _/\_

ऐरोलीची_डॉक्टरीण | ७ डिसेंबर, दुपारी २:२०

दवाखान्यातून दोन पेशंटांच्या मध्ये लिहितेय, त्यामुळे तुटक होईल.

मिस्त्रींना अनुमोदन. कोपरीकर, तू पहिल्या वेळी हॉस्पिटल गाठलंस ते उत्तम केलंस. "पॅनिकच असेल" असं घरबसल्या ठरवणारे पेशंट माझी झोप उडवतात. छातीत दाब, दुखणं जबड्यात किंवा हातात जाणं, चालताना किंवा जिना चढताना वाढणं, दम लागून खाली बसावंसं वाटणं, असं काही असेल तर १०८ लावा, आम्हाला धागा नंतर वाचून दाखवा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. फरक ओळखायची घरगुती युक्ती विचारू नका. ईसीजी काढल्याशिवाय आम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

थायरॉईड झालंय, हिमोग्लोबिनही पाहा. उपाशीपोटी दोन कप कॉफी पिऊन गाडीत चढत असशील तर ते आधी बंद कर.

आता धीराचं. अटॅक साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो, तू काही कर किंवा नको करूस. "मी चक्कर येऊन पडेन" ही भीती जवळपास प्रत्येकाला असते. पण शुद्ध जायला रक्तदाब उतरावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो चढलेला असतो, म्हणून पॅनिकने बेशुद्ध पडणं दुर्मिळ. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचं गणित वेगळं.

गोळ्यांबद्दल एकच. अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी ओळखीच्या केमिस्टकडून उचलू नका. पंधरा मिनिटांत बरं वाटतं, म्हणूनच सवय लागते, आणि अचानक बंद केली की दुप्पट त्रास. मानसोपचारतज्ज्ञ देतात ती रोजची औषधं वेगळी, त्यांना लागू पडायला काही आठवडे जातात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

रोखठोक | ७ डिसेंबर, दुपारी ४:०३

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्या पिढीने गाडीच्या टपावरून प्रवास केला, दोन-दोन नोकऱ्या केल्या, असलं काही नव्हतं. रिकामं मन आणि मोबाईल, दुसरं काय. रोज तलावपाळीला दहा फेऱ्या मारा, आपोआप जाईल.

जुना_पारसिक | ७ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

रोखठोक, तुमच्याच पिढीतला आहे, वय ६८. होतं हो. नाव नव्हतं.

१९८७. तेव्हा डोंबिवलीत राहायचो, नोकरी फोर्टात. डोंबिवलीहून फास्ट गाडी ठाण्याच्या आधी पारसिकच्या बोगद्यातून जायची. सव्वा किलोमीटरहून थोडा जास्तच तो. एक दिवस डब्यातले दिवे गेले आणि मला वाटलं, संपलं. ठाण्याला उतरून फलाटावर शर्टाची बटणं काढून उभा राहिलो. फॅमिली डॉक्टर म्हणाले गॅसेस. आईने मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मेहुण्याने तंबाखू सोडायला सांगितली, जी मी खातच नव्हतो.

मी काय केलं, तर या ताईंनी केलं तेच. मुंब्र्यावरून जाणारी स्लो पकडू लागलो. त्यासाठी अर्धा तास आधी निघायचं. तीन वर्षं! घरी कारण सांगितलं की स्लोला बसायला मिळतं. तीन वर्षांत एकदाही बोगदा ओलांडला नाही, त्यामुळे बोगदा रोज थोडा थोडा लांब होत गेला, माझ्या डोक्यात.

मग एकदा घाईत चुकून फास्टमध्ये चढलो. कळलं तेव्हा गाडी सुटली होती. धडधड सुरू झाली, नेहमीची सगळी वरात आली. पण उतरायची सोयच नव्हती, म्हणून भांडणं सोडून दिलं. तुम्हाला माहीत आहे, दादरला उतरताना गर्दीशी झुंजलं की बरगड्या मोडतात, अंग सैल सोडलं की गर्दीच आपल्याला फलाटावर आणून ठेवते. तसंच झालं. घड्याळात पाहिलं, बोगदा दीड-पावणेदोन मिनिटांचा निघाला. मी तो अर्ध्या तासाचा समजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम फास्टने गेलो. महिनाभर रोज घाबरलो आणि रोज घड्याळ पाहिलं. पुढे कधीतरी घड्याळ पाहायचं राहून गेलं.

तलावपाळीच्या फेऱ्या चांगल्याच. मी मारायचो. बोगद्याला त्यांचा काही पत्ता नव्हता.

रोखठोक | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

हं. वडिलांना "जीव घाबरा होतो" म्हणून रात्री अंगणात येरझारा घालताना पाहिलंय. हे तसलंच असावं. शब्द मागे.

टवाळ कार्टं | ७ डिसेंबर, संध्याकाळी ७:२२

या धाग्यावर लोक शब्द मागे घेतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

बाकी ठाण्यात राहून मनाचा त्रास म्हणजे रुग्णालयाशेजारी घर घेतल्यासारखं. :D

तलावपाळी_वडापाव | ७ डिसेंबर, रात्री ८:४५

टवाळ, हा विनोद आम्ही जन्मल्यापासून ऐकतोय. पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा "ठाण्याची का? सोडलं वाटतं तुला" हे पहिल्याच दिवशी. आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की "हिला आता ठाण्याला पाठवा", आणि आम्ही तर ठाण्यातच! मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे, त्यामुळे सव्वाशे वर्षं गावाचं नावच शिवीसारखं वापरलं गेलंय. पण याच गावात १९९० पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे, जिथे माणसं दाताच्या डॉक्टरकडे जावं तितक्या सहज जातात. मी गेलेय. वर्गातली मुलगी तिथल्या बाकावर भेटली, दोघी आधी कावऱ्याबावऱ्या झालो, मग बाहेर पडून मामलेदारची मिसळ खाल्ली.

कोपरीकर, पुढच्या महिन्यापर्यंत थांबवत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे आणि कितीतरी जणांना माहीतच नाही.

खारी_बिस्कीट | ७ डिसेंबर, रात्री ८:५८

मामलेदारची तिखट की मीडियम? यावरच खरं पॅनिक ठरतं.

निशाचर | ८ डिसेंबर, रात्री १:३५

मध्यरात्रीची ड्यूटी, म्हणून आत्ता लिहितोय. मी रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. मला झोपेतून यायचा. स्वप्न नाही, काही नाही, धाडकन जाग आणि छातीत घोडे. झोपेतही येतो हेच मला माहीत नव्हतं.

मी अडीच वर्षं पाकिटात सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयरोग्यांची गोळी, घेऊन फिरलो. काकांना हार्ट अटॅक आला होता, त्यांच्या डब्यातून ढापलेली. एकदाही घेतली नाही. पण पाकीट घरी राहिलं की रबाळ्याहून परत घरी. शिवाय पाण्याची बाटली, शिवाय चार्ज असलेला फोन, शिवाय बायकोचं लोकेशन सुरू. माझ्या समुपदेशकांनी विचारलं, "या सगळ्यांनी तुम्हाला वाचवलं असं वाटतं?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या मनाने नोंद काय केली? वाचलो, कारण बाटली होती."

एकेक सोडलं. आधी सॉर्बिट्रेट. पाहिलं तर एक्स्पायरी उलटून दोन वर्षं झाली होती. बाटली सगळ्यात शेवटी.

ऐरोलीची_डॉक्टरीण | ८ डिसेंबर, सकाळी ९:१०

निशाचर, घेतली नाहीस हे नशीब. रक्तदाब उतरवून डोकं ठणकवलं असतं तिने, आणि तू त्यालाच दुसरा अटॅक समजला असतास. दुसऱ्याच्या डब्यातलं औषध कुणीही ढापू नये, काकांचंही.

अबोली_वाशी | ८ डिसेंबर, सकाळी ११:००

मला हे पटत नाही. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. पाण्याची बाटली घेऊन का होईना, तो सानपाड्याहून कॉलेजला जातो, हे मला पुष्कळ आहे. एका आईच्या नजरेने बघा. तुम्ही लोक कुबडी काढून घ्यायची भाषा करता, आधी पाय तरी भरू द्या.

निशाचर | ८ डिसेंबर, सकाळी ११:४०

अबोलीताई, काढून घ्या असं म्हणायचं नव्हतं. मी स्वतः आठ महिने लावले. बाटलीने माणूस घराबाहेर पडत असेल तर बाटली हवीच. फक्त त्याला एकदा विचारा, कोणता दिवस बाटलीशिवाय करून बघावासा वाटतो का. दिवस त्याने ठरवायचा.

अबोली_वाशी | ८ डिसेंबर, दुपारी १२:०५

विचारते. तो "आई, प्लीज" म्हणेल. तरी विचारते.

सीवूड्सची_फ्लेमिंगो | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

मी सगळ्यात वेडगळ वाटेल असं काहीतरी सांगणार आहे.

मला ट्रेनची भीती नव्हती. मला धडधडीची भीती होती. हे कळायला दीड वर्ष गेलं. पाम बीचला संध्याकाळी चालायला जायचे, चालून ठोके वाढले की वाटायचं आला, म्हणून चालणं सोडलं. जिने सोडले. नवऱ्याशी भांडणसुद्धा सोडलं, भांडताना धडधडतं म्हणून! (तो खूश होता.)

१९८६ साली डेव्हिड क्लार्क नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने पॅनिकची जी मांडणी केली ती अशी : शरीरात काहीतरी छोटं होतं, समजा ठोका जोरात पडला. मन त्याचा अर्थ लावतं, "हार्ट अटॅक." त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके वाढतात, आणि मन म्हणतं, "बघ, म्हटलं नव्हतं?" हे चक्र. म्हणजे तोडायची जागा धडधड नाही, तिचा लावलेला अर्थ.

मला थेरपिस्टने घरचा अभ्यास दिला तो हा, की ती लक्षणं मुद्दाम आणायची. ऑफिसच्या खुर्चीत मिनिटभर गरागरा फिरायचं. एका जागी धावायचं. नाक चिमटीत धरून उसाच्या रसाच्या बारीक नळीतून मिनिटभर श्वास घ्यायचा. मग कागदावर लिहायचं : काय काय झालं, भीती दहापैकी किती, मला काय होईल असं वाटलं, प्रत्यक्षात काय झालं. पहिल्या दिवशी नळीने नऊ. मी रडले. सासरे आतल्या खोलीतून विचारत होते, "रस आणलाय का? मला नाही दिला?" तिसऱ्या आठवड्यात तीन. शरीर तेच करत होतं, मी त्याला बोंबाबोंब म्हणणं सोडलं होतं.

ज्यांना हृदयाचा त्रास, दमा, फिट्स आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नये. बाकीच्यांनीही आधी तपासण्या करूनच.

आणखी एक. श्वास मोजणं मी आधी पॅनिकला हाकलायला वापरायचे. मोजूनही गेला नाही की दुप्पट घाबरायचे, आता हेही चालेना म्हणून. पारसिककाकांनी गर्दीत अंग सैल सोडायचं म्हटलंय ना, श्वास त्यासाठी वापरायचा. तो जाईल तेव्हा जाईल.

घनसोलीचा_मिस्त्री | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

वा! हे आमच्या प्लँटच्या मॉक ड्रिलसारखं झालं. भोंगा खरा, आग नाही.

खारी_बिस्कीट | ९ डिसेंबर, सकाळी ८:०५

भर गाडीत लक्ष वळवायला काय करता? मी पाच-चार-तीन-दोन-एक करते. पाच गोष्टी बघायच्या, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास, एक चव. पण लेडीजमध्ये चार स्पर्श म्हणजे चार बाजूंची चार कोपरं, आणि वासांबद्दल न बोललेलं बरं.

टवाळ कार्टं | ९ डिसेंबर, सकाळी ८:२०

घरातला 'एक' म्हणजे मीच. असो.

मी स्टेशनं म्हणतो. उलटी. दादर, माटुंगा, सायन, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड, ठाणे. डोकं त्यात गुंततं.

तलावपाळी_वडापाव | ९ डिसेंबर, सकाळी ८:२४

नाहूर राहिलं.

टवाळ कार्टं | ९ डिसेंबर, सकाळी ८:२५

घ्या. तीन वर्षं हे म्हणतोय.

जुना_पारसिक | ९ डिसेंबर, सकाळी ८:४०

टवाळराव, सांगितलंत ते बरं केलंत. मी औटकी म्हणायचो, साडेतीनाचा पाढा. दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. सातव्याच्या पुढे इतकं अडायला व्हायचं की घाबरायला सवड मिळत नसे. आता नातवंडांना औट म्हणजे क्रिकेटमधला वाटतो.

तलावपाळी_वडापाव | ९ डिसेंबर, सकाळी १०:१५

कोपरीकर, तू कुठे आहेस? सगळे आपापलं बोलत सुटलो. ज्या गोष्टी सोडल्यास त्यांची यादी कर, सगळ्यात सोपी तळाला. माझी पायरी-पायरीने अशी होती : ठाण्याच्या फलाटावर बसून नुसत्या चार गाड्या जाऊ देणं. मग रविवारी दुपारी स्लोने मुलुंड आणि परत. मग भांडुप. एकेक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची. कंटाळा हा शब्द महत्त्वाचा. घाबरून मध्येच उतरलीस तरी हरकत नाही, पण घरी न जाता पुढच्या गाडीत परत चढायचं, नाहीतर मनाला कळतं की पळालो म्हणून वाचलो.

गर्दी हाच मुद्दा असेल तर रविवारी ट्रान्स हार्बरवर दिघा गाव, ऐरोली करून ये. खाडी दिसते, बसायला मिळतं.

कोपरीकर | ९ डिसेंबर, रात्री ११:१०

आहे, इथेच आहे. सगळं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, त्याने फक्त नळीचं वाचलं आणि म्हणाला, "उद्या आणू?"

फ्लेमिंगो, तुझ्यासारखा तक्ता केला. पाच अटॅक, पाचही वेळा "मरणार", मेले शून्य वेळा. हे लिहिताना हसू आलं आणि मग बराच वेळ रडू. यादीत सगळ्यात खाली लिफ्ट आहे, दोन मजल्यांपुरती. सगळ्यात वर फास्ट गाडी, आत, चौथ्या सीटवर.

तिसऱ्या दिवसाच्या घरून कामाचा मेल लिहून ठेवला होता, पाठवला नाही. ठेवलाय मात्र. अबोलीताई, ही माझी बाटली समजा.

अबोली_वाशी | ९ डिसेंबर, रात्री ११:२५

राहू दे गं. मुलगा "आई, प्लीज" म्हणाला. पण नंतर "शनिवारी" म्हणाला.

मुंब्रादेवी | १४ डिसेंबर, दुपारी ३:००

धागा आज पाहिला. कुणी हे बोललं नाही म्हणून लिहिते. मला पॅनिकबरोबर जगावंसंच वाटेनासं झालं होतं, आणि मी तेव्हा फक्त श्वासाचे व्यायाम करत बसले होते. चूक होती ती. तसे विचार येत असतील, किंवा झोप-जेवण उडालं असेल, किंवा थोडी घेतली की बरं वाटतं म्हणून संध्याकाळी ग्लास भरायला लागला असाल, तर स्वतःचं स्वतः हा मार्ग नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी भावाला सांगितलं. औषधांवर दीड वर्ष होते, आता नाही.

ऐरोलीची_डॉक्टरीण | १४ डिसेंबर, दुपारी ४:१२

हे मीच लिहायला हवं होतं. धन्यवाद गं.

टवाळ कार्टं | १५ डिसेंबर, रात्री १०:०१

टेलीमानसला फोन केला. वीस मिनिटं बोललो. पलीकडच्या बाईंना एकही विनोद सांगितला नाही. डॉक्टरीणबाई, ईसीजीही काढला, ठीक आहे.

कोपरीकर | १० जानेवारी, रात्री ९:२०

सांगायला आले. समुपदेशकांच्या दोन भेटी झाल्या, त्यांनीही यादीचंच काम पुढे नेलंय. लिफ्ट आठव्यापर्यंत जमते, बंद पडेल की काय हे दर वेळी वाटतं, पण जमते. स्लोला आत उभी राहते. नळीने मी आठवरून पाचावर आलेय.

गुरुवारी यादीतली वरची पायरी केली, खरं तर ठरवून नाही. स्लो रद्द झाल्या, ग्रुप फास्टमध्ये चढला आणि मीही. मुलुंड गेलं आणि मुंग्या सुरू. मी शेजारणीला, जिच्याबरोबर चौदा वर्षं जातेय, पहिल्यांदाच म्हटलं, "मला गाडीत घाबरायला होतं, आत्ता होतंय, काही करू नकोस, फक्त माहीत असू दे." मला वाटलं आता पाणी, वारा, साखळी ओढा, सगळा गोंधळ. तिने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरची मटारची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हे सोल."

सोलत बसले. कांजूरला दहापैकी आठ असेल. हात थरथरत होते, दाणे खाली सांडत होते. श्वास मोजायचं विसरले. विक्रोळी गेली, त्याच सिग्नलला गाडी हळू झाली. मला वाटलं थांबणार आणि थांबलीच, मिनिटभर. मी अंग सैल सोडलं, काका. घाटकोपरला उतरले नाही. कुर्ल्याला चार-पाच असेल. दादरला उतरले तेव्हा ब्लाऊज घामाने भिजलेला आणि नखं हिरवी.

संध्याकाळी तिचा फोन. मी दाणे सालांच्या पिशवीत टाकले होते आणि सालं डब्यात.

जुना_पारसिक | १० जानेवारी, रात्री ९:४१

वा पोरी!

सीवूड्सची_फ्लेमिंगो | १० जानेवारी, रात्री ९:४४

आठ असताना बसून राहिलीस! उद्या परत जा. आणि उद्या जास्त झालं तरी घाबरू नकोस, माझं दुसऱ्या दिवशी नेहमी वाढायचं.

कोपरीकर | १० जानेवारी, रात्री ९:५०

शुक्रवारी गेले. सात. सोलायला काही नव्हतं, तर स्टेशनं म्हटली.

टवाळ कार्टं | १० जानेवारी, रात्री ९:५१

नाहूर घेतलंस ना?

कोपरीकर | १० जानेवारी, रात्री ९:५३

दोनदा.

रोखठोक | १० जानेवारी, रात्री १०:१५

मटार काय भाव मिळाले? आमच्याकडे घोडबंदरला लुटतात.